दहा सेकंद थांबायचं

"अंगठा वर करा," डॉक्टरबाई रुग्णाच्या कानाशी वाकून म्हणाल्या आणि मनात दहा मोजले. चाचणीचा नियमच तसा. सांगायचं, दहा सेकंद थांबायचं, काही हललं नाही तर वेळ लिहून पुढे शून्य टाकायचं. मिनिटभराने पुढचं. अकरा पाच, अंगठा, शून्य. अकरा सहा, "डोळे मिटा", शून्य. अकरा सात, "जीभ बाहेर काढा", शून्यच.

खाटेपाशी त्याची बायको आणि धाकटा भाऊ उभे होते. सात महिने हा माणूस असाच पडून होता, डोळे टक्क उघडे, गळ्यात श्वासाची नळी. आजही काही हललं नाही तर दुपारी श्वासाचं यंत्र काढायचं, असं घरी ठरलं होतं. ठरलं कसलं, सगळे पार थकले होते.

डोळे उघडे असले तरी पाहणारं आत कोणी उरलेलं नाही, असं बाईंनी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. बायकोने नुसती मान हलवली. भावाला मात्र राहवलं नाही.

"दादा, तुला सुटायचं असेल तर अंगठा वर कर रे. आम्ही नाही अडवणार तुला."

बाईंचं पाहून त्यानेही दहा मोजले. काही नाही. बाईंनी तेसुद्धा लिहिलं, अकरा नऊ, शून्य. हाताला सवय, दुसरं काय!

त्या कागद आवरत होत्या तेव्हा अंगठा वर आला. हळूहळू, पण चांगला सरळ. भाऊ ढसाढसा रडायला लागला. दादाने हो म्हटलं, वहिनी, त्यालाच नकोय आता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. वहिनीला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची भयंकर लाज वाटली.

थोड्या वेळाने डोळे मिटले. भाऊ घाबरून हाका मारू लागला, तोच ते पुन्हा उघडले. मग ओठ फाकले आणि कोरडी, पांढरट जीभ बाहेर आली, लहान मुलं वेडावून दाखवतात तशी. भाऊ एकदम मागे सरकला.

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकरा बारा. मग कागद पाहिला. अंगठा, डोळे, जीभ, त्याच क्रमाने, प्रत्येक गोष्ट सांगितल्यापासून बरोबर पाच मिनिटांनी. यांचा अंगठा हलतो हो, असं बायकोने दोनदा येऊन सांगितलं होतं, आणि ते आपोआप होतं ताई, असं त्यांनीच तिला समजावलं होतं. सात महिन्यांत किती वेळा शून्य लिहून त्या या खोलीतून निघून गेल्या होत्या, आणि त्यांच्या मागे हा माणूस सांगितलेलं सगळं निमूट करत राहिला होता.

"म्हणजे मघाचा अंगठा मला नव्हता," भाऊ म्हणाला.

"नाही. तुमचं उत्तर यायचंय अजून. अकरा चौदाला."

यंत्र श्वास देत होतं. बाईंनी पेन उघडलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याच्याने बघवेना.

अकरा तेराला बायको पुढे झाली आणि तिने नवऱ्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. ताई, हात काढा, मला दिसत नाही, असं बाईंनी सांगून पाहिलं. तिने काढला नाही. घड्याळाकडे बघत, ओठ घट्ट मिटून ती तशीच उभी राहिली.

अकरा पंधरा झाले. भावाने भिंतीकडूनच विचारलं, "वहिनी, काय झालं?"

"नाही म्हणाले," ती म्हणाली. दाबून दाबून तिची बोटं पांढरी पडली होती.