कच्चा राहिलेला स्लॅब

विनायक ओव्हरसियरने स्लॅबवर बोट टेकवलं आणि बोट पेरभर आत गेलं. काल दुपारी ओतलेलं काँक्रीट आज दगड व्हायला हवं होतं. ते शिऱ्यासारखं मऊ होतं.

खाली मिक्सरपाशी उभ्या असलेल्या गोदाबाईने मान खाली घातली.

चांदनी स्टेशनाजवळ पाण्याची मोठी टाकी बांधून होत आली होती. सिमेंट रेल्वेने यायचं, म्हणून मिक्सर रुळांच्या कडेलाच मांडला होता. एक पोतं सिमेंट, दोन पेट्या रेती, चार पेट्या खडी, आणि वर पाणीवाल्या गोदाबाईच्या डब्याने मोजून पाणी. तिने "चाल बाबा" म्हटलं की भाईदास मिक्सरवाला दांडा ओढायचा. तयार माल ट्रॉलीत पडायचा आणि माणसं ट्रॉली ढकलत टाकीकडे पळायची. अर्ध्या तासात माल जागेवर पडला पाहिजे, नाहीतर फेकून द्या, असा विनायकचा दंडक होता.

गोदाबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घरी बोलायचं तर भिंतींशी. इथे मात्र दीड वर्ष चौदा माणसं तिला मावशी म्हणत होती, तिच्या ठेच्यावरून रोज भांडत होती. बाईला याहून काय लागतं? पण हा टाकीचा शेवटचा स्लॅब होता. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूरची कचेरी भोपाळला गेली, आता मिक्सरही तिकडेच जाणार, अशी कुणकुण होती. ती ऐकल्यापासून तिला घास गिळवत नव्हता.

विनायक शिडी उतरला तो तडक भाईदासवरच आला. "दसऱ्याला मशीनला गुळाचा नैवेद्य कोणी भरवला होता? ती खेप तीन दिवस घट्ट झाली नव्हती. गुळाने सिमेंट धरत नाही, हे तेव्हाच ओरडून सांगितलं होतं ना?"

"आईची आन, साहेब! या बारीले खडाबी नाही टाकला."

"बारा वाजता इंजिनियरसाहेब येताहेत. स्लॅब फोडायला लावतील आणि कोणाला तरी घरी पाठवल्याशिवाय जायचे नाहीत. कपडे बांध तुझे."

भाईदासच्या घरी चार लेकरं होती. गोदाबाईला आता गप्प राहवेना.

"त्याले कायले काढता, साहेब? गूळ म्या टाकला. हर डब्यात मूठ मूठ."

"मावशी, तू?" भाईदास म्हणाला. "कायच्यासाठी?"

"स्लॅब फुटला असता तं फिरून घालाले महिना लागला असता. तेवढा महिना तुमी राह्यले असते ना रे."

कोणी हसलं नाही. कोणी चिडलंही नाही, आणि तेच तिला सोसेना. चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विनायकने खिशातून घडीचा कागद काढला. हिंदीत टाईप केलेला, कालच्याच डाकेने भोपाळहून आलेला.

"मिक्सर भोपाळला जात नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "दापोऱ्याला चाललाय, पुलाच्या कामावर. तीन वर्षांचं काम आहे. सगळी टोळी हीच. पाणीवाली मात्र तिथलीच घ्या, असा हुकूम होता. मी दोनदा पत्र लिहून भांडलो, तेव्हा कुठे एक नाव मंजूर झालं. स्लॅब पास झाला की आज सांगणार होतो."

त्याने कागद मिक्सरच्या इंजिनाच्या पत्र्यावर पसरला, पेनचं टोपण काढलं, आणि गोदाबाईच्या नावावर रेघ मारली.