कडा कुणाच्या

मावशींनी बाइकचं मागचं चाक काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि टायरवरून अंगठा फिरवला. समोर तिघं उभे होते. बाप, लेक आणि लेकीनं पसंत केलेला मुलगा. तिघांपैकी कुणी हलत नव्हतं.

मावशी चाळीस वर्षं टायर बदलत होत्या आणि टायरवरून माणूस ओळखत होत्या. एकदा त्यांनी नुसता पुढचा टायर बघून मालकाला सांगितलं, तुला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तपासलं तर खरंच. उजव्यानंही येत नव्हतं, पण मावशींचं म्हणणं, तो दोष मागच्या टायरमध्ये दिसला असता. तो दाखवलाच नाही.

म्हणून तर बाप इथे आला होता. बाप निवृत्त बसड्रायव्हर. एकतीस वर्षांत एका भिंतीला, एका कुत्र्याला धक्का नाही. त्यांच्या बसमध्ये म्हणे उभ्यानं वस्तऱ्यानं दाढी करता यायची, आणि दोघंतिघं रोज करायचेही. लेकीनं लग्नाचं काढलं तेव्हा त्यांनी ना शिक्षण विचारलं, ना पगार. एवढंच म्हणाले, "टायर बदलायला कधी जाणार आहेत ते? मी येतो."

मुलगा ग्रंथपाल होता. बारीक, नेटका. ही भली मोठी स्पोर्ट बाइक त्यानं रंग आवडला म्हणून घेतली होती.

"मधला भाग बघा," मावशी म्हणाल्या. "सपाट झालाय. सरळ रस्ता, बेताचा वेग. घर ते काम, काम ते घर. सज्जन माणूस."

ड्रायव्हरसाहेबांच्या मिशा सैलावल्या.

"आणि ह्या कडा." मावशींनी चष्मा डोळ्यांवर आणला. "पार टोकापर्यंत घासल्यात. रबराच्या गोळ्या झाल्यात. वळणावर गाडी इतकी आडवी होते साहेब, की जाता जाता रस्त्यावर पडलेलं बटण उचलावं."

लेक एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. ते गेल्या वर्षीचं होतं.

"गाडी आणखी कोण चालवतं?" ड्रायव्हरसाहेबांनी ग्रंथपालाला विचारलं.

"कुणी नाही. मीच."

"मग ह्या कडा तुमच्या?"

"माझ्याच."

"तर हे लग्न होणार नाही. मागे माझी मुलगी बसणार. तिला घेऊन तुम्ही रस्त्याला कान लावत जाणार असाल, तर आपला नमस्कार."

ग्रंथपालानं मान खाली घातली. ड्रायव्हरसाहेब निघालेच होते, पण जित्याची खोड जाते थोडीच. उंबऱ्यातून मागे वळून त्यांनी विचारलं, "डाव्या वळणात शिरताना नजर कुठे ठेवता?"

ग्रंथपालानं बराच विचार केला. "आरशात."

"आरशात?" कॅलेंडरपाशी आवाज चढला. "वळण संपतं तिथे ठेवायची नजर. आरशात बघणारा सरळ गटारात जातो."

दुकानात अशी काही शांतता झाली की कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरनंसुद्धा हवा भरायची थांबवली, असं मावशी अजून सांगतात.

"हे तुला कुणी शिकवलं?" बापानं विचारलं.

"तुम्हीच. सात वर्षांची होते. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवून."

"मी बसचं शिकवत होतो."

"मला कोण बस देतंय, बाबा?"

ड्रायव्हरसाहेबांनी हनुवटी खाजवली. मग ग्रंथपालाकडे वळले. "आणि तुम्ही खोटं का बोललात?"

"तिचं गाडी चालवणं बंद केलं असतं तुम्ही." ग्रंथपाल जमिनीकडे बघत म्हणाला. "लग्नाचं काय, मी पुन्हा विचारायला आलो असतो."

ड्रायव्हरसाहेब जवळच्या टायरच्या चळतीवर टेकले आणि कमरेपर्यंत आत गेले. पण विचारात इतके गढले होते की त्यांना ते कळलंच नाही. तिथूनच त्यांनी विचारलं, "मावशी, ह्याला टायर कोणता बसवायचा?"

"कडक घेतला तर टिकेल, पण वळणावर हिला दगा देईल. मऊ घेतला तर रस्ता धरेल, पण ह्यांच्या सरळ जाण्यात सहा महिन्यांत संपेल." मावशींनी वरच्या फळीकडे बोट केलं. "एक असतो, मध्ये कडक आणि कडेला मऊ."

"तोच घाला, पुढे-मागे दोन्ही. आणि लग्नाला माझी ना नाही. आता मला कुणीतरी वर काढा."

एका हाताला लेक, दुसऱ्याला ग्रंथपाल, असं ओढून त्यांना बाहेर काढलं. सुटताना बूच निघाल्यासारखा फट्‌ आवाज झाला.

नवे टायर चढले. मावशींनी बजावलं, "नवं रबर निसरडं असतं. पहिले दीडशे किलोमीटर गाडी शहाण्या माणसानं चालवायची. वळणावर झोपवायची नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ड्रायव्हरसाहेबांनी ग्रंथपालाच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

पहिल्या फेरीला चौकात त्यांनी हात दाखवला आणि मागे पन्नास प्रवासी बसल्यासारखं लांबून, ऐसपैस वळण घेतलं. लेक हसून हसून पायरीवर बसली. दुसऱ्या फेरीला हात दाखवला नाही. तिसऱ्या फेरीला उजवा गुडघा बोटभर बाहेर आला होता.

मावशींनी शिडी लावली आणि त्याच मापाचा आणखी एक टायर फळीवरून खाली काढून ठेवला.