हिरवा आकडा

क्रेनने हवा मोजणारी पेटी बागेतून उचलली, तेव्हा कुठे इंजिनियरला हायसं वाटलं. तीन उन्हाळे शहर ओझोनच्या परीक्षेत नापास होत होतं. कारखान्यांना दटावून झालं, जुन्या गाड्या हटवून झाल्या, तरी भर दुपारी पेटी लाल आकडा दाखवायचीच. यंदाही तेच झालं, तर वरिष्ठ त्याला घरी बसवणार होते.

युक्ती त्याचीच. जमिनीलगतचा ओझोन छातीला घातक, आणि मोठा चमत्कारिक. धुरातून जन्मतो, उन्हात पिकतो आणि वाऱ्याबरोबर लांबच्या झाडाझुडपांत जाऊन बसतो. ताजा धूर मात्र त्याला जागीच गिळतो. म्हणून पेटी ट्रकांच्या नाक्यावर न्यायची. बागेतली हवा होती तशीच राहणार, हे इंजिनियरला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतःच बागेमागे राहायचा. वडिलांना दमा, म्हणून मुद्दाम रहदारीपासून दूर घर घेतलं होतं. पण हवेपायी कुणी कुणाला घरी बसवत नाही, आकड्यापायी बसवतात.

नाक्यावर पेटी बसली आणि आकडा हिरवा झाला. क्रेनवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, की एवढी शुद्ध हवा त्याला सोसवत नाही. सगळे हसले. वरिष्ठांनी फोनवरून शाबासकी दिली. साप मेला होता आणि काठीही मोडली नव्हती.

इंजिनियर त्या दिवशी लवकर घरी गेला. ऊन अजून रणरणत होतं. वडिलांची खुर्ची रिकामी होती. पेटीच्या आकड्यावरून इंजिनियरच्या खात्याचा लाल संदेश मोबाइलवर आला की ते खिडक्या लावून दिवसभर तिथेच कुरकुरत बसायचे. उन्हाळाभर हेच चाललं होतं.

"बाबा कुठे आहेत?" त्याने बायकोला विचारलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा केव्हाच बागेत गेले, म्हणाली. आज संदेश हिरवा आला ना. ऊन उतरू द्या म्हणून तिने विनवलं, पण ऐकतात कुठले.

इंजिनियरची नजर खुर्चीशेजारच्या टेबलावर गेली. दम्याचा पंप तिथेच पडला होता.

"अहो, मी हातात दिला होता," बायको म्हणाली. "परत ठेवला त्यांनी. म्हणाले, माझ्या पोराने मोजलेल्या हवेत पंप कशाला लागतोय."