अंतऱ्याआधीचा थांबा

अंतरा सुरू करण्याआधी बाबा क्षणभर थांबायचे आणि मान डावीकडे वळवून मागे बघायचे. त्या थांब्यावर समीक्षकांनी रकानेच्या रकाने लिहिले. बाबा गेल्यावर त्यांच्या पट्टशिष्याने तो जिवापाड जपला. आता तो विद्यार्थ्यांकडूनही हा थांबा मानेसकट घोटून घेतो.

परवा मी त्याच्या वर्गात गेले, तर अकरा माना एकदम डावीकडे वळल्या.

"नुसती मान नको," तो एका मुलीला म्हणाला. "नजर मागे गेली पाहिजे. गुरुजी तिथे काहीतरी शोधायचे." मग माझ्याकडे वळला. "ताई, वीस वर्षं तुम्ही त्यांच्या मागे तानपुऱ्यावर बसलात. काय शोधायचे हो ते? मुलांना चुकीचं शिकवायला नको."

खरं सांगून टाकावं, असं मनात आलं. पण त्या थांब्यासाठी त्याने उमेदीची वर्षं घासली होती. शिवाय बाबांच्या गायकीला माझाही हातभार लागला आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

"तू शिकवतोस ते बरोबर आहे," मी म्हणाले. "फक्त त्यांच्या नजरेत आधी थोडा राग असायचा, मग माया."

त्याने ते लगेच वहीत उतरवून घेतलं.

* * *

बाबा मागे वळून एवढंच बघायचे, की मला डुलकी लागली आहे का. आणि बहुतेक वेळा ती लागलेली असायची.