घाबरलेल्या माणसाची भाषा

“भाषा काकूचीच आहे, हे मलाही दिसतंय,” पुतण्या म्हणाला. “पण लिहिलंय हिनं. अठरा वर्षं घरात केर काढला, तेव्हा कान काही बंद नव्हते हिचे!”

वकीलबाईंच्या टेबलावर तो एकच कागद होता. बाईसाहेबांनी मरायच्या महिनाभर आधी लिहिलेला. मागच्या अंगणातल्या दोन खोल्या त्यात मोलकरणीला, म्हणजे सगळ्यांच्या मावशीला, दिल्या होत्या. अक्षर वेडंवाकडं होतं. सात वर्षांपूर्वी आलेल्या अर्धांगाच्या झटक्यानं बाईसाहेबांची वाचा नेली होती आणि उजवा हातही. तेव्हापासून त्या डाव्या हातानं लिहायच्या. तसलं अक्षर कुणीही काढलं असतं. पारखायला उरली होती ती फक्त भाषा.

आणि भाषा पारखायला दोन्ही बाजूंनी एकच माणूस कबूल केला होता, कानामात्रा. बाईसाहेबांच्या सगळ्या पुस्तकांची मुद्रितं त्यांनी वीस वर्षं तपासली होती. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकली तरी हे आत शिरून सांगणार, म्हणून छापखान्यानं त्यांना हे नाव दिलं होतं. रागवायचं सोडून ते त्याच नावानं सही करू लागले, असा हा गृहस्थ.

कोपऱ्यात मावशी पदराचं टोक चुरगाळत उभी होती. पत्र खोटं ठरलं तर महिनाअखेर तिला बोचकं उचलावं लागणार होतं. साठीच्या बाईनं जायचं कुठं? कानामात्रांना पुतण्याचा संताप आला. सात वर्षांत एकदाही न फिरकलेला माणूस वाटणीला मात्र बरोब्बर हजर! या बाईचं छप्पर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

“तीन दिवस द्या,” ते म्हणाले. “दूधपाणी वेगळं करून देतो.”

पहिल्या दिवशी ते बाईसाहेबांच्या घरी नुसते बसून राहिले. मावशी बोलत होती, ते ऐकत होते.

“बाईसाहेब आधी मोठ्यानं बोलत लिवायच्या. म्या आपली भांडी घासायची. त्यातलं काय बी कळायचं न्हाई बगा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बहिणीला पत्र लिहायला सांगितलं. चार इयत्ता शिकलेली मावशी जीभ बाहेर काढून अर्धा तास लिहीत बसली. कागदावर उतरलं तेही तोंडातल्यासारखंच, “बाईसाहेब गेल्या. लई वंगाळ वाटतंया.” कानामात्रांनी तो कागद जपून घडी केला.

तिसऱ्या दिवशी ते पावलं न वाजवता स्वयंपाकघरात शिरले आणि मावशीच्या पाठीमागं पितळी परात धाडकन फरशीवर टाकली.

“आगं आयं! मेले की गं म्या!” मावशी किंचाळली.

त्यांनी तिची माफी मागितली, पण मनातून ते खूश झाले. माणूस शिकून चार भाषा बोलेल, ऑफिसात एक आणि बाजारात दुसरी. पण घाबरला की तो स्वतःच्याच भाषेत ओरडतो. हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

निघताना व्हरांड्यातल्या पिंजऱ्यातून आवाज आला.

“उपकार नव्हे, कर्तव्य!”

कानामात्रा जागच्या जागी थांबले. पत्रातलं शेवटचं वाक्य होतं, ‘जिने माझे मौन समजून घेतले, तिला निवारा देणे हे उपकार नव्हे, कर्तव्य आहे.’

“हा बाईसाहेबांकडूनच शिकला ना?”

“मंग?” मावशी पोपटाला मिरची देत म्हणाली. “माझ्या तोंडात असलं कुठनं यायचं?”

चौथ्या दिवशी वकीलबाईंसमोर त्यांनी बहिणीला लिहिलेलं पत्र ठेवलं, परातीचा किस्सा सांगितला आणि शेवटी पोपट काढला. “वाचा गेली, पण त्यांचं वाक्य पोपटाच्या चोचीत राहिलं. आणखी काय पुरावा हवा?”

“पण काका, बाकीचंही तपासायला हवं ना? तारखा, साक्षीदार...” वकीलबाईंनी विचारलं.

“माझं काम अक्षराशी. छापखान्यातही मजकूर खरा की खोटा ते संपादक बघायचा. पण भाषेपुरतं विचाराल तर लिहून देतो. ही भाषा या बाईची नव्हे.”

“कानामागून आली आणि तिखट झाली!” असं म्हणत पुतण्यानं अखेर संमतीच्या कागदावर सही केली. खोल्या मावशीच्या झाल्या.

ती कानामात्रांच्या पायाच पडली. निरोप देताना तिनं पिंजरा त्यांच्या हातात ठेवला.

“न्या ह्याला तुमच्याकडं. मला एकटीला ह्याचं बोलणं ऐकवत न्हाई.”

कानामात्रांचे डोळे भरून आले. किती माया असते गरिबाच्या पोटी, असं त्यांच्या मनात आलं. पिंजरा घेऊन ते तडक पाखरांच्या दुकानात गेले. पोपटाला दाणे घ्यायचे होते.

“उपकार नव्हे, कर्तव्य!” पोपट दुकानभर ऐकू जाईल असा ओरडला.

“झकास बोलतो की!” दुकानदार म्हणाला.

“एका थोर बाईची आठवण आहे ही,” कानामात्रा अभिमानानं म्हणाले. “शेवटची सात वर्षं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. पण त्यांचं बोलणं यानं जसंच्या तसं सांभाळलंय.”

दुकानदारानं पोपटाच्या पायातली तांबडी कडी बोटानं फिरवून पाहिली आणि मान हलवली.

“काहीतरी घोटाळा होतोय, काका. ही कडी माझ्याच दुकानाची. हा बाईसाहेबांकडच्या मावशींनी नेला माझ्याकडनं, चार वर्षांपूर्वी. धड पिसंसुद्धा फुटली नव्हती.”