सरपंचबाईंचा ठराव

"फुली कुठाय, आश्रुबामामा?" मनकर्णानं विचारलं.

ग्रामपंचायतीचा शिपाई आश्रुबा ओसरीच्या पायरीवर टेकला होता. रजिस्टर त्यानं तिच्यापुढं उघडून ठेवलं होतं, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं होतं. एरवी सही जिथं करायची तिथं ग्रामसेवक शिसपेन्सिलीनं बारीक फुली मारून पाठवायचे. मनकर्णा हात पदराला पुसायची, फुलीवर सही ठोकायची आणि पुन्हा कामाला लागायची. अडीच वर्षं गावाचा कारभार असाच बिनबोभाट चालला होता.

"राहिली वाटतं. सायेब घाईत होते," आश्रुबा म्हणाला. "तुमीच बघा की. नाव असंल तुमचं कुठं तरी."

गावात कुणी 'ओ सरपंच' अशी हाक मारली की ओ द्यायचा तो मनकर्णाच्या नवऱ्यानं, परमेश्वरनं. खुर्ची बाईची आणि बूड बुवाचं, असं आळीतल्या बायका हसून म्हणत. मनकर्णाही त्यांच्याबरोबर हसायची. हसण्यासारखंच होतं ते.

नाव शोधायला म्हणून तिनं पान मागं उलटलं. ती नववीपर्यंत शिकली होती. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचू लागली.

'ठराव क्रमांक चार. गावातील सातवीच्या पुढील मुलींनी शिक्षणासाठी एस.टी.ने अथवा जीपने बाहेरगावी जाऊ नये. सहीच्या दुसऱ्या दिवसापासून अंमल. सूचक : सौ. मनकर्णाबाई, सरपंच. सर्वानुमते मंजूर.'

गेल्या महिन्यात खालच्या आळीतली बबिता गंगाखेडच्या कॉलेजातून घरी परतलीच नाही. चौथ्या दिवशी तिचा पुण्याहून फोन आला, लग्न केलं म्हणून. तेव्हापासून पारावर दुसरा विषय नव्हता. कालची ग्रामसभाही मारुतीच्या पारावरच झाली, आणि त्या पारावर बायका चढत नाहीत. मनकर्णा तर त्या वेळी रानात कापूस वेचत होती. परमेश्वर जेवायला बसला तेव्हा भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलला.

"मामा, हे मी कवा म्हनले?"

आश्रुबानं इकडंतिकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. आवाज उतरवून तो म्हणाला, "म्हनायचं काम नसतंय, बाई. पोरीचा ठराव बाईमानसाच्या नावावर असला म्हंजी वर कोनी इचारत न्हाई. तुमचे मालकच म्हनले, तसं लिवा म्हनून."

तिनं वाट पाहिली. आता राग येईल, रडू येईल, काहीतरी येईल असं तिला वाटलं. उकिडवं बसून बसून पाय मरतो, मग चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं आतून झालं होतं. रोज गाडीनं बाहेरगावच्या शाळेत जाणाऱ्या शिवकन्येची दहावीची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. पोटची पोर. तेही तिला आठवलं, पण शेजारणीच्या घरचं आठवावं तसं.

दारात मोटरसायकल थांबली. परमेश्वर खाली उतरला नाही. एक पाय टेकवून, फोन कानाला तसाच ठेवून त्यानं विचारलं, "झाली का गं सही?"

"करायलेय," ती म्हणाली. आणि केली. सही नेहमीसारखीच आली, उलट जरा बरी म्हणायची.

मोटरसायकल पुढं गेली. आश्रुबानं पाणी मागितलं म्हणून ती आत जाऊन तांब्या घेऊन आली, तेवढ्यात पाचच्या गाडीनं शिवकन्या पोचली होती. या पोरीला वाचायची खोड. भजी बांधून आलेला कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची. पाठीवरचं दप्तर न काढता ती वाकून रजिस्टर वाचत होती. आश्रुबा आपल्या चपलांकडं बघत बसला होता.

"आई," शिवकन्येनं मान वर केली. "हे तू म्हनलीस?"

न्हाई म्हणायला मनकर्णाला काय लागत होतं? पण एक न्हाई म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. सभेला मी नव्हते. आजवर एकाही सभेला नव्हते. सरपंच म्हणजे नुसती सही. आणि ही पोर वर्गातल्या पोरींना, अगदी बाईंनासुद्धा, माझी आई सरपंच आहे असं ऐटीत सांगत फिरायची. पोरीचा राग सोसवेल, तिनं आपली कीव केलेली सोसवणार नाही, असं मनकर्णाला वाटलं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच म्हनले."

आता पोरगी दप्तर आपटेल, बोल बोल बोलेल, म्हणून ती तांब्या हातात धरून उभी राहिली. शिवकन्येनं मात्र मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा मोकळा झाला.

"मंग काय न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं पप्पानं केलाय. तुझा हाय तर तूच मोड की. उद्या माझी गणिताची सराव परीक्षा हाय."

आश्रुबानं पाणी न पिताच रजिस्टर मिटलं, काखेत मारलं आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला. शिवकन्या आत गेली आणि सकाळच्या सातच्या गाडीसाठी दप्तर भरू लागली.