खोली नंबर नऊची लेव्हल

सर्वेशने पुन्हा गेम चालू केला. पडद्यावरच्या चाळीतल्या खोलीत शेगडीपाशी धूर झाला आणि पलंगावरची बाहुली उठली. बाहुली म्हणजे आई. लेव्हल संपली तसा तो कपाळाला हात लावून बसला.

“पुन्हा तेच?” अक्षताताईने चहा ठेवत विचारलं.

“पुन्हा तेच. काहीतरी चुकतंय.”

मालाडच्या कंपनीत तो दिवसभर गेमच्या लेव्हल रचायचा. अमुक झालं की तमुक घडतं, हाच त्याचा धंदा. आता रजा टाकून विक्रोळीच्या या खोलीत, नव्या रंगाच्या वासात, आईचं मरण रचत बसला होता. आग लागली तेव्हा आईने त्याला फोन केला होता. तो मीटिंगमध्ये होता, त्याने कापला. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. फोन उचलला असता तर आई वाचली असती का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

“सोड ना रे. होणारं चुकत नाही. मालाडवरून काय करणार होतास तू? मी कधी काही बोलले तुला?”

खरंच, तिने एका शब्दानेही दोष दिला नव्हता. त्याला तेच जास्त लागायचं.

“दार आतून बंद होतं ना, ताई?”

“किती वेळा सांगू? आतून कडी होती. वाण्याकडून आले, धूर दिसला, धक्के मारून उघडलं. दारातच पडली होती. हातात फोन.”

तो नियम त्याने केव्हाच घातला होता. बाकीचे नियमही आईचेच. गुडघे दुखतात, म्हणून चाल हळू. एकचं बटण दाबलं की फोन सर्वेशला. घरात कोणी नसलं की दाराकडे जायचं. मागे अशीच निघून गेली ती पार घाटकोपरला सापडली होती. पोरांची नावं विसरली, पण कडी काढायला आई कधी विसरली नाही.

“निदान तिथे तरी वाचव रे तिला,” ताई म्हणाली. “म्हणजे तू तरी सुटशील.”

“तेच तर होतंय, ताई. ती वाचते. मी फोन उचलला काय, न उचलला काय, दरवेळी कडी काढते आणि बाहेर येते. दारात पडतच नाही.”

सर्वेशने पडद्यावरच्या दाराची आतली कडी उचलली, बाहेरच्या बाजूला लावली आणि गेम चालू केला.

धूर झाला. आई उठली, पाय ओढत दारापर्यंत गेली. तिने दार ओढलं. पुन्हा ओढलं. मग एकचं बटण दाबलं आणि उंबऱ्यापाशी कोसळली.

सर्वेशने मागे वळून बघितलं नाही.

“परत हरवली असती ना रे,” ताई म्हणाली. “पाच मिनिटांसाठीच लावली होती.”